वस्तऱ्याच्या धार-दगडाचे सपाटीकरण

वस्तऱ्याच्या धार-दगडाचे सपाटीकरण म्हणजे वस्तऱ्याला धार लावण्याच्या दगडाचा पृष्ठभाग घासून एका प्रतलात आणणे, त्याच्या कडा बोथट करणे आणि त्यावर योग्य पोत आणणे ही पूर्वतयारीची क्रिया होय. नवा दगड प्रथम वापरात आणताना आणि वापरामुळे दगड खोलगट झाल्यावर ती करावी लागते. यासाठी तयार हिरेजडित पट्ट्या मिळतात. तथापि जाड काच, वॉटर पेपर, सिलिकॉन कार्बाइडची भुकटी, पेन्सिल आणि पाणी अशा अल्प खर्चाच्या साधनांनीही हे काम समाधानकारक होते. सपाटी ही साधनाच्या किमतीपेक्षा घासण्याच्या रीतीवर आणि तपासणीवर अधिक अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

धार लावण्याच्या दगडाला मराठीत निसणा असेही म्हणतात. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री व आरशाबरोबर असा लहान दगड आणि चामड्याचा पट्टा असे. वस्तऱ्याची धार दगडावर घडवली जाते व पट्ट्यावर फिरवून ती राखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बदलत्या पात्याचे सुरक्षित वस्तरे आल्यावर घरगुती वापरातून जुना वस्तरा हळूहळू मागे पडला. पुढे रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांविषयी जाणीव वाढल्यावर केशकर्तनालयांतही प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते बसवता येणारे वस्तरे रूढ झाले. आज पूर्ण पोलादी वस्तरा प्रामुख्याने स्वतःची दाढी त्याने करणारे हौशी लोक, संग्राहक आणि काही व्यावसायिक वापरतात. परंपरेने ही पूर्वतयारी कारागिराकडून शिकली जाई. आता ती अनेकांना स्वतःच शिकून घ्यावी लागते.

वस्तऱ्यासाठी नैसर्गिक व कृत्रिम असे दोन्ही प्रकारचे दगड वापरले जातात. नैसर्गिक दगडांत बेल्जियमच्या आर्देन भागातील पिवळसर कोटिक्यूल, जर्मनीतील थुरिंजियाचा पाटीचा दगड, जपानमधील क्योटो परिसरातील दगड आणि अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातला नोव्हाक्युलाइट हे प्रसिद्ध आहेत. कृत्रिम दगड ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड यांचे कण बंधकद्रव्यात बसवून तयार करतात. सिलिकॉन कार्बाइड हे अपघर्षक अमेरिकी संशोधक एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ साली माती व कोक विजेच्या साहाय्याने तापवताना मिळाले. त्यांनी त्याला दिलेले कार्बोरंडम हे नाव आजही बाजारात प्रचलित आहे.

## सपाटीची गरज

सुरी किंवा पटाशी दगडावर ठरावीक कोनात तिरपी धरावी लागते. वस्तऱ्याची गोष्ट वेगळी आहे. धार लावताना त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. त्यामुळे धारेचा कोन हाताने ठरत नाही, तो पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांच्या गुणोत्तरातून आपोआप ठरतो. उदाहरणार्थ, पाते १६ मिमी रुंद व पाठ ४.५ मिमी जाड असल्यास धारेचा एकूण कोन सुमारे १६ अंश येतो. अशा रचनेत कोन राखण्याचे काम दगडाकडे जाते, म्हणून दगडाचा दोष थेट धारेत उतरतो.

दोष कोणत्या दिशेने आहे यावरही परिणाम ठरतो. दगड लांबीच्या दिशेने खोलगट असेल, तर पाठ व धार यांमधील अंतर थोडे असल्याने कोनात पडणारा फरक अल्प असतो. २०० मिमी लांबीत ०.५ मिमी खोली असली, तरी धारेपाशी कोन अंशाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी बदलतो. रुंदीच्या दिशेने मात्र पाते जवळजवळ पूर्ण लांबीने दगडावर आडवे पडलेले असते. ७५ मिमी रुंदीचा दगड मध्यभागी ०.२ मिमी खोल असेल, तर सरळ पात्याची दोन्ही टोके दगडाला टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. टोके अधिक झिजून धार हळूहळू बाहेरच्या बाजूला फुगते. याउलट दगड रुंदीत फुगीर असल्यास मधला भाग अधिक झिजतो व धार आत जाते. आत गेलेल्या धारेचा मधला भाग पुढे सपाट दगडावरही नीट टेकत नाही.

वस्तऱ्याच्या चांगल्या धारेच्या टोकाची जाडी एका मायक्रॉनपेक्षा कमी असते. ही धार पुन्हा घडवता येते, परंतु असमान झिजलेली पाठ भरून काढता येत नाही. त्यामुळे वाकड्या दगडावर चुकीच्या रीतीने वारंवार घासलेला जुना वस्तरा कायमचा बिघडू शकतो. पाठीवर एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला अरुंद असा चकचकीत पट्टा दिसणे, हे अशा असमान झिजेचे एक लक्षण आहे. अर्थात पाते मुळात पिळलेले असणे किंवा हाताचा दाब असमान असणे, यामुळेही तो दिसू शकतो.

## दगड असमतल होण्याची कारणे

धार लावताना दगडाच्या मधल्या भागावरून पाते अधिक वेळा जाते, म्हणून तो भाग आधी झिजतो. मऊ बंधकद्रव्याच्या कृत्रिम दगडात ही झीज जलद होते, तर नोव्हाक्युलाइटसारख्या कठीण दगडात ती अत्यंत मंद असते. नवा दगडही सपाट असेलच असे नाही. खाणीतून आलेल्या दगडावर करवतीचे ओरखडे असतात आणि भट्टीत भाजलेला कृत्रिम दगड किंचित वाकलेला असू शकतो. दगडाच्या कडा काटकोनी व तीक्ष्ण असल्यास त्यांवर आपटून धारेचे टवके उडण्याची शक्यता असते.

## साधने

### काच आणि वॉटर पेपर

सर्वांत सोप्या पद्धतीत जाड काचेवर ओला वॉटर पेपर पसरून त्यावर दगड घासला जातो. आजची खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून तयार केली जाते. ही प्रक्रिया इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीत ॲलिस्टर पिल्किंग्टन यांच्या पुढाकाराने विकसित झाली व १९५९ साली जाहीर करण्यात आली. काच द्रवरूप धातूच्या पृष्ठभागावर गोठत असल्याने ती पॉलिश न करताही बरीच सपाट असते. पातळ काच खालच्या टेबलाच्या आकाराप्रमाणे वाकते. म्हणून १० ते १२ मिमी जाडीची काच घेऊन ती ओल्या फडक्यावर ठेवली जाते. काचेच्या दुकानात उरलेला जाड तुकडा कडा घासून घेतल्यास या कामाला पुरतो. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी कापलेल्या पॉलिशच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडाही चालतो, मात्र तो वापरण्यापूर्वी तपासावा लागतो. भाजलेल्या फरशा अनेकदा मध्यभागी किंचित वाकलेल्या असतात.

पाण्यात टिकणारा घासकागद अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९२१ साली बाजारात आणला. हार्डवेअरच्या व रंगाच्या दुकानांत तो वॉटर पेपर या नावाने मिळतो. त्यावरील ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक असतात. युरोपीय 'पी' मानकानुसार कणांचा सरासरी आकार पुढीलप्रमाणे आहे.

| ग्रिट | कणांचा आकार (मायक्रॉन) | सपाटीकरणातील उपयोग |
|---|---|---|
| पी १२० | १२५ | फार वाकडा किंवा करवतीचे ओरखडे असलेला दगड |
| पी २२० | ६८ | सर्वसाधारण सपाटीकरण |
| पी ४०० | ३५ | मध्यम दगडाचा अखेरचा टप्पा |
| पी ६०० | २५.८ | बारीक दगड |
| पी १००० | १८.३ | बारीक व कठीण दगड |
| पी २००० | १०.३ | अतिकठीण दगडाचे गुळगुळीत पूर्णत्व |

कागद ओला झाल्यावर पाण्याच्या थरामुळे काचेला चिकटून राहतो. त्याची कड वर वळल्यास किंवा खाली हवेचा फुगा राहिल्यास दगडाच्या कडा गोलसर होतात. ही या पद्धतीची प्रमुख मर्यादा आहे.

### सुटी भुकटी

कठीण दगडावर कागद लवकर बोथट होतो. अशा वेळी काचेवर सिलिकॉन कार्बाइडची सुटी भुकटी व थोडे पाणी घेऊन दगड फिरवला जातो. कागदावरील कण जागेवर घट्ट असल्याने ओरखडे काढतात. सुटे कण मात्र दोन पृष्ठभागांमध्ये गडगडतात व दोहोंवर सूक्ष्म खळगे पाडतात. सिलिकॉन कार्बाइडची मोह्झ कठिनता सुमारे ९.५ असून क्वार्ट्झची ७ आहे. त्यामुळे नोव्हाक्युलाइटवरही ही भुकटी परिणामकारक ठरते. दगडाबरोबर काचही झिजून मध्यभागी खोल होत जाते, म्हणून काचेचा संपूर्ण पृष्ठभाग वापरणे आणि ती वेळोवेळी तपासणे आवश्यक असते. मऊ दगडात भुकटीचे कण रुतण्याचा धोका असल्याने त्यांसाठी ही पद्धत सहसा टाळली जाते.

### हिरेजडित पट्टी

पातळ पत्र्यावर निकेलच्या थरात हिऱ्याचे कण बसवलेल्या स्वस्त पट्ट्या सर्वत्र मिळतात. त्या जलद काम करतात, परंतु पत्रा वाकलेला असू शकतो. म्हणून तो जाड काचेवर चिकटवून मगच वापरला जातो. नव्या पट्टीवरील वर आलेले मोठे कण दगडावर खोल ओरखडे पाडतात. ते निघून जाईपर्यंत ती एखाद्या भरड दगडावर वापरणे सोयीचे ठरते.

### टाळण्याची साधने

सिमेंटचा ठोकळा किंवा रस्त्याकडेचा दगड भरड दगडाच्या प्राथमिक घासणीपुरता चालतो, पण त्याने खात्रीची सपाटी मिळत नाही. इंजिनाच्या व्हॉल्व्हसाठी मिळणारी तेलकट घासपेस्ट पाण्यावर वापरायच्या दगडाला योग्य नाही, कारण तिच्यातील तेल दगडाच्या छिद्रांत शिरते.

## कृती

पाणी शोषणारा कृत्रिम दगड प्रथम भिजवला जातो. न शोषणाऱ्या दगडावर नुसते पाणी शिंपडणे पुरते. त्यानंतर पृष्ठभागावर पेन्सिलने दोन्ही दिशांनी सुमारे १ सेंमी अंतरावर रेषा मारून जाळी आखतात. दगड पालथा करून ओल्या कागदावर ठेवतात आणि इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे किंवा लहान वर्तुळांत फिरवतात.

नुसते मागे-पुढे ढकलल्यास हात पुढे जाताना दगडाची पुढची कड व मागे येताना मागची कड अधिक दाबली जाते. त्यामुळे दगड फुगीर होतो. हे टाळण्यासाठी दगड शक्य तितका खालून धरतात, वजनापेक्षा फारसा अधिक दाब देत नाहीत आणि दर १५-२० फेऱ्यांनंतर तो १८० अंशांत फिरवतात. साचलेला गाळ धुऊन काढला जातो, कारण जाड गाळावर दगड तरंगतो व घासणी असमान होते.

प्रथम पुसल्या जाणाऱ्या रेषा उंच भाग दाखवतात व शेवटपर्यंत राहणाऱ्या रेषा खोलगट भाग दाखवतात. सर्व रेषा गेल्यावर पुन्हा जाळी आखली जाते. दुसऱ्या वेळी रेषा थोड्याच फेऱ्यांत सर्वत्र एकसारख्या नाहीशा झाल्या, तर बारीक कागदाकडे वळतात. प्रत्येक बदलापूर्वी दगड, काच आणि हात स्वच्छ धुतले जातात. भरड कणांपैकी एखादाही मागे राहिल्यास अखेरच्या पृष्ठभागावर आणि पुढे धारेवर ओरखडा उमटू शकतो.

शेवटी दगड सुमारे ४५ अंशांत धरून त्याच्या चारही कडा व कोपरे १ ते २ मिमी घासून बोथट केले जातात. हे काम शक्यतो सपाटीकरणाआधी किंवा भरड टप्प्यात उरकले जाते, कारण कडेचे सुटणारे कण नंतर पृष्ठभागावर येऊ शकतात.

## सपाटीची तपासणी

पेन्सिलच्या जाळीविषयी एक गैरसमज आढळतो. रेषा एकसारख्या पुसल्या गेल्या याचा अर्थ दगड खालच्या पृष्ठभागाशी जुळला, एवढाच होतो. तो पृष्ठभाग स्वतःच वाकडा असेल, तर दगडही तसाच वाकडा होतो आणि तरीही रेषा पूर्ण जातात. म्हणून स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.

यासाठी पोलादी सरळ पट्टी किंवा सुताराच्या गुण्याचे पाते दगडावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभे ठेवून मागून प्रकाश पाहिला जातो. कर्णांवरील तपासणीमुळे दगडाला पीळ आहे का हे कळते. मध्ये प्रकाश दिसल्यास दगड खोल आहे आणि दोन्ही टोकांना दिसल्यास तो फुगीर आहे. मोटारदुरुस्तीत वापरले जाणारे फीलर गेज उपलब्ध असल्यास ०.०५ मिमी जाडीचे पान पट्टीखाली कोठेही शिरत नाही, एवढी सपाटी वस्तऱ्यासाठी व्यवहारात पुरेशी मानता येते. पट्टीचीही परीक्षा करता येते. तिच्या कडेने कागदावर बारीक रेघ ओढावी, मग पट्टी उलटवून त्याच दोन बिंदूंतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा तंतोतंत जुळल्या, तर पट्टी सरळ आहे.

## तीन दगडांची पद्धत

विश्वसनीय सपाट पृष्ठभाग हाताशी नसल्यास तीन दगड एकमेकांवर घासून सपाटी निर्माण करता येते. दोनच दगड परस्परांवर घासले, तर एक खोलगट व दुसरा तितकाच फुगीर होऊन ते अचूक जुळतात, पण सपाट होत नाहीत. समान आकाराच्या दोन तुकड्यांपैकी वरचा तुकडा कडेबाहेर नेत घासल्यास वरचा खोल व खालचा फुगीर होण्याकडे कल असतो. दुर्बिणीचा आरसा हाताने घडवणारे हौशी खगोल अभ्यासक याच गुणधर्माचा उपयोग करतात.

तिसरा दगड आणल्यावर परिस्थिती बदलते. 'अ' व 'ब', 'ब' व 'क', 'क' व 'अ' अशा जोड्या क्रमाने घासल्या आणि वर-खालची जागा व दिशा बदलत राहिली, तर प्रत्येक दगडाला उरलेल्या दोन्ही दगडांशी जुळावे लागते. 'अ' खोल असेल तर 'ब' व 'क' दोन्ही फुगीर हवेत, पण मग 'ब' व 'क' एकमेकांशी जुळणार नाहीत. तिन्ही जोड्या पूर्ण जुळण्यासाठी तिघांनाही सपाटच व्हावे लागते. म्हणजे मोजमापाचे कोणतेही महाग साधन नसताना सपाटीची कसोटी पद्धतीतच सामावलेली असते. अधूनमधून एक दगड ९० अंशांत फिरवून घासणेही आवश्यक असते, अन्यथा पिळाचा दोष लपून राहू शकतो.

यंत्रनिर्मितीत हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. हेन्री मॉडस्ले यांच्या लंडनमधील कारखान्यात काम केलेले इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथे धातूच्या समतल पृष्ठभागांविषयी निबंध सादर केला. तीन पत्र्यांची परस्परांशी तुलना करून सपाटी साधण्याची रीत त्यांनी पुरस्कारिली. त्यांचा भर मात्र घासण्यापेक्षा उंच भाग खरवडून काढण्यावर होता, कारण सुट्या अपघर्षकाचे काम नियंत्रित करणे कठीण असते.

घरगुती वापरात तीन दगड साधारण समान आकाराचे व समान कठीणतेचे असल्यास ही पद्धत उत्तम चालते. भरड व बारीक दगड एकमेकांवर घासल्यास बारीक दगडावर भरड कण राहतात, म्हणून अखेरीस त्याला बारीक कागदावर पुन्हा फिरवणे गरजेचे ठरते.

## दगडाच्या प्रकारानुसार फरक

मऊ कृत्रिम दगडाचा पृष्ठभाग वापरात सतत नवा होत असतो, म्हणून त्यावरचा पोत फार महत्त्वाचा नसतो. पी २२० ते पी ४०० चा कागद पुरतो, पण सपाटीकरण वारंवार करावे लागते.

कोटिक्यूलमध्ये कापण्याचे काम सूक्ष्म गार्नेट कण करतात. हा थर अनेकदा काही मिलिमीटरच जाड असतो व त्याला पाटीच्या दगडाचा आधार दिलेला असतो. प्रत्येक सपाटीकरणात हा मर्यादित थर थोडा कमी होतो, त्यामुळे भरड साधने जपून वापरली जातात. जपानी नैसर्गिक दगडांबाबतही हीच काळजी घेतली जाते.

नोव्हाक्युलाइट जवळजवळ शुद्ध सिलिका असल्याने त्याचे सपाटीकरण वेळखाऊ असते. त्यासाठी सुटी भुकटी सोयीची ठरते, कारण हिरेजडित पट्टी अशा दगडावर लवकर निकामी होते. हा दगड फार मंद झिजत असल्याने त्याच्यावर आणलेला पोत दीर्घकाळ टिकतो. भरड पोत ठेवल्यास तो जलद काम करतो, तर गुळगुळीत केल्यास मंद परंतु अधिक बारीक काम करतो.

## सुरक्षितता

बहुतेक नैसर्गिक दगडांत स्फटिकी सिलिका असते. तिची सूक्ष्म धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार होतो. म्हणून सपाटीकरण नेहमी पाण्यासह केले जाते आणि सांडलेला गाळ वाळण्यापूर्वी पुसून घेतला जातो. गाळ मोरीत ओतल्यास नळीत साचतो. तो बादलीत निवळू देऊन वरचे पाणी काढणे व खालचा भाग कचऱ्यात टाकणे योग्य ठरते. काचेच्या कडा वापरण्यापूर्वी बोथट केलेल्या असाव्या लागतात.

## मतभेद

दगड किती सपाट असावा याविषयी वापरकर्त्यांत एकमत नाही. काही जाणकार मुद्दाम किंचित फुगीर दगड वापरतात. अशा दगडावर धारेचा कमी भाग एका वेळी टेकतो व किंचित वाकडे पाते हाताळणे सोपे जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. जुने न्हावी लांबीच्या दिशेने झिजलेल्या दगडांवरही समाधानकारक धार लावत, हेही वरील भूमितीशी सुसंगत आहे. तरीही शिकाऊ व्यक्तीसाठी सपाट दगड अधिक सोयीचा मानला जातो. दगड सपाट असल्याची खात्री असली, तर धारेतील दोष हाताचा आहे की पात्याचा, हे ओळखता येते.

## हे सुद्धा पहा

* वस्तरा
* सिलिकॉन कार्बाइड
* गार्नेट
* सिलिकोसिस
* जोसेफ व्हिटवर्थ